चौकी नऊवरची दुपार

या, जरा पुढं सरकून बसा. मृदंग खाली ठेवलाय, टाळ पिशवीत गेलेत, कीर्तन संपलंय, तरी कुणाचा पाय मंडपातून निघत नाही... अशी एक घटका असते ना, ती ही आहे. एवढ्या घटकेत बसेल अशी एक गोष्ट सांगते. देवाची नाही, पण देवानं कान देऊन ऐकावी अशी. प्रेमाची आहे, आणि सुरू होते ती एका बंदुकीच्या खेळात. हसू नका! माणूस कुठं भेटावा, हे काय आपल्या हातात असतं?

साखरखेर्ड्याच्या शिवारात अश्विनीच्या घरचा बियाण्याचा प्लॉट होता. कपाशीचाच, पण वेचायच्या कपाशीचा नव्हे. दुकानात पाकिटातून जे बीटीचं बी मिळतं, ते जिथं तयार होतं ती कपाशी. तिथं फुलांची लग्नं हातानं लावावी लागतात. उद्या उमलेल अशी मादी-ओळीतली कळी आदल्या संध्याकाळी अंगठ्याच्या नखानं सोलायची, आतले पिवळे केसर काढून टाकायचे, वर लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी टोपी काढून, नर-ओळीतलं फूल आणून तिच्यावर हलकेच फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. हे सगळं अकराच्या आत. अकरा वाजून गेले की फूल कुणाचं ऐकत नाही. श्रावण-भादव्यात दोन महिने, रोज. सण नाही, सुतक नाही.

आणि मग मधली दुपार. अकराला सकाळचं काम आटोपायचं, तीनला कळ्या सोलायला पुन्हा हात लागायचे. बाया लिंबाखाली पदर तोंडावर घेऊन आडव्या व्हायच्या. अश्विनीला झोप यायची नाही. बाविशीतली पोरगी, बोटांना पिवळा पराग, समोर कपाशीच्या ओळीच ओळी... आणि एवढ्या मोठ्या आभाळाखाली बोलायला कुणी नाही.

तिचा थोरला भाऊ इंद्रभान फौजेत होता. गुलाबी बोंडअळीनं सगळ्यांची कपाशी खाल्ली, त्याच साली तो "शेतात दोघं कशाला?" म्हणून भरतीला गेला आणि लागला. आता वर कुठंतरी बर्फातल्या चौकीवर होता. आठ-दहा दिवसांनी फोन यायचा. "जेवलास का?" एवढं आई विचारीपर्यंत तो कटायचा. जाताना त्याचा जुना फोन अश्विनीला देऊन गेला होता, आणि त्या फोनमध्ये एक खेळ होता — ‘चौकी नऊ’.

एका दुपारी तिनं तो उघडला. भाऊ दिवसभर काय करत असेल, हे तरी कळेल म्हणून.

आता हा खेळ मोठा अवघड. बाकीच्या खेळांत माणूस दहा गोळ्या खाऊन पळत सुटतो. यात एक गोळी लागली की संपलं, उद्यापर्यंत खेळ बंद. चौकीवर पोचायलाच चाळीस मिनिटं बर्फातून चालायचं. पोचलं की बसायचं, नुसतं बसायचं... दुर्बिणीतून डोंगर बघत. सोबत्याशी बोलायला वायरलेस, पण त्याची बॅटरी दिवसाला दोनच मिनिटं चालायची. खेळाच्या पानावर लोकांनी आपापली मतं लिहिली होती, आणि दोन मतं एकासारखी एक नव्हती.

"भाऊ, लढाई कुठाय? चाळीस मिनिटं चाललो, पाय घसरला, मेलो. एक तारा."

"बंदुकीचा आवाज एकदम खरा. काळजात बसतो. पाच तारे."

"पडलेल्या दुश्मनाच्या खिशात त्याच्या लेकीचा फोटो सापडतो. मग दुसरी गोळी झाडवत नाही. असा खेळ बनवावाच कशाला?"

"फोन तव्यासारखा तापतो. पोळी भाजून खाल्ली."

अश्विनी या शेवटच्यावर एकटीच हसली. मग तिनंही लिहिलं, "यात वाट बघणं बरोबर दाखवलंय. फक्त खाली घर दाखवायचं राहिलं. घरी कुणीतरी फोनकडं बघत बसलेलं असतं. पाच तारे."

दुसऱ्या दिवशी तिच्या मताखाली एकाचं उत्तर होतं. नाव लिहिलं होतं, ‘घाटाखालचा’. म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला, पण घाट उतरल्यावरच्या गावांतला; तिकडची बोली वेगळी.

"एक तारा. यात उभ्या मानसाले थंडी वाजतच नाही. ज्यानं बनवला तो थंडीत कधी उभा राह्यला नसंन."

तिनं विचारलं, "तुम्ही राहिलात का?"

"हाव."

"कुठं?"

"ते सांगता येत नाही."

झालं! घरात फौजी असलेल्या पोरीला ‘सांगता येत नाही’ या तीन शब्दांचा अर्थ काय लावायचा, हे शिकवावं लागत नाही. हा फौजीच, रेंज असलेल्या कुठल्यातरी तळावरचा, असं तिनं धरून टाकलं.

तिसऱ्या दुपारी दोघं एकाच चौकीवर होते. वायरलेस खरखरला.

"कोण?" ती म्हणाली.

"घाटाखालचा. सोनाळ्याचा. गोविंदा नाव हाय."

"मी घाटावरची. साखरखेर्डा."

"अरे बापा! मंग तुमी आमच्याकडं वरून खालीच पाहसान."

"तुमच्याकडं प्रत्येक गोष्टीला ‘ले’ लावल्याशिवाय घास उतरत नाही का हो?"

"उतरते ना. पन गोड लागत नाही."

तिला हसू आलं. लिंबाखाली भिमाबाईंनी पदराआडून एक डोळा उघडला आणि मिटला. या भिमाबाई प्लॉटवरच्या सगळ्यांत जुन्या मजूर. त्यांना ऐकू कमी येतं, असं त्या स्वतःच सांगायच्या, म्हणजे त्यांच्या देखत सगळे मोकळेपणी बोलायचे.

असे दिवस गेले. रोजची दोन मिनिटं. बाकीचा वेळ दोघं बर्फात शेजारी बसलेले — खोट्या बर्फात, खऱ्या उन्हाळलेल्या दुपारी. कधी वारा सुटायचा, कधी भुरभुर पावसाची एक सर प्लॉटवरून जायची आणि लाल टोप्या ओल्या व्हायच्या.

"तुमच्या बुटाचा आवाज मी वळखतो आता," एकदा तो म्हणाला.

"खेळात सगळ्यांच्या बुटाचा आवाज एकच असतो."

"हाव. पन तुमी दर दहा पावलांवर थांबता. काऊन?"

"दम लागतो."

"खेळात कोनाले दम लागते बरं?"

ती हळूच म्हणाली, "मागं बघते... तुम्ही आहात का ते."

आणि बॅटरी संपली. तेवीस तास अठ्ठावन्न... नाही, मोजत नाही मी. तेवढा वेळ दोघांनी कसा काढला, ते तुमचं तुम्ही समजून घ्या.

एकदा तिनं त्याला आपलं काम सांगितलं. नखानं सोललेली कळी, लाल टोपी, अकराचा धाक. तो ऐकतच राहिला.

"मले मालूमच नव्हतं. पाकीट फाडतो, पेरतो, बस. प्रत्येक बियामांगं कोनाचं बोट हाय हे—" एकदम थांबला. "मंजे... आमचे बाबा पेरतात."

ती बिचारी पुढंच बोलत गेली. पण तुम्ही शहाणे आहात, तुमच्यापासून लपवत नाही. गोविंदा फौजेत नव्हता. तो कधीच लागला नव्हता. तीन वर्षं सोनाळ्याच्या रस्त्यावर पहाटे धावला. पहिल्या भरतीत सोळाशे मीटरला चार सेकंद उशीर झाला. दुसऱ्या वेळी डाव्या कानात काही निघालं. तिसऱ्या वेळी वय गेलं. थंडीत तो उभा राहिला होता हे खरं, पण भरतीच्या मैदानाबाहेरच्या रांगेत, उघड्या अंगानं, छातीवर नंबर लिहून घेत. आता वडलांसोबत कपाशी करायचा. आणि दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसून, जी चौकी मिळाली नाही ती फोनवर राखायचा. एक ‘हाव’ तोंडून निघून गेला होता, आणि रोज मोठा होत होता.

त्याला वाटायचं, हिचा भाऊ वर्दीतला. आपण कपाशीतले निघालो तर ही बोलेल तरी का?

आणि तिच्या मनात काय होतं? अगदी उलटं. तिच्या जीवाला एक चौकी पुरे होती. दुसरी तिला पेलणार नव्हती.

मग श्रावणातल्या एका दिवशी बातम्यांत सीमेवरच्या गोळीबाराचं आलं. घरात चूल पेटली नाही. दुसऱ्या सकाळी इंद्रभानचा फोन आला, "मी बरा आहे," एवढाच. आईनं देवापुढं गूळ ठेवला. वडील भगवानराव मृदंगाच्या वादीला हात लावून नुसते बसले. सगळं घर सुटलं...

अश्विनी सुटली नाही. कारण ‘घाटाखालचा’ दोन दिवस चौकीवर आला नव्हता.

हे दुःख सांगायचं कुणाला? भावासाठी रडलं तर चार बाया पाठीवर हात ठेवतात. याच्यासाठी रडायला नातं कोणतं सांगायचं? दोन दुपारी ती एकटी चाळीस चाळीस मिनिटं बर्फ तुडवत वर गेली आणि त्याच्या रिकाम्या जागेशेजारी बसली. घास घशाखाली गेला नाही. सोललेल्या कळ्यांना टोप्या घालायला विसरली. भिमाबाई मागून येऊन काही न बोलता घालत गेल्या.

तिसऱ्या दुपारी वायरलेस खरखरला.

"कशा हाय? माहा फोन पान्यात पडला होता. तांदळाच्या डब्यात दोन दिवस—"

पलीकडून आला तो नुसता हुंदका.

"अवो... रडता काऊन?"

"तुम्ही... जिवंत आहात म्हणून."

गोविंदाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. आपल्या ‘हाव’नं कुणाचं काय केलं, हे त्याला त्या क्षणी दिसलं. बॅटरी संपत आली होती.

"तुमच्या गावचा सप्ता कधी संपते?"

"गुरुवारी काला आहे."

"मी येतो. भेटून बोलाचं हाय."

"प्लॉटवरच या," ती डोळे पुसत म्हणाली. "मलाही एक सांगायचंय."

तो सुटी काढून येतोय, असंच तिला वाटलं. तिनं ठरवलं होतं. समोरासमोर नाही म्हणायचं. फौजी माणसाला फोनवर नाही म्हणू नये; त्याला त्या रात्री पहारा असू शकतो.

गुरुवार उजाडला. काल्याचं कीर्तन म्हणजे आख्खं गाव मंडपात. अकरा बायांपैकी नऊ तिकडं. पण फुलं काल्याला थांबतात होय? प्लॉटवर उरल्या दोघीच, अश्विनी आणि भिमाबाई. देवळाच्या भोंग्यातून बुवांचा आवाज वाऱ्याबरोबर कमी-जास्त होत शेतापर्यंत यायचा. मध्येच भगवानरावांच्या मृदंगाची थाप. पेंद्याचं बोबडं बोलणं आलं की लांबून गावाचं हसू ऐकू यायचं, आणि भिमाबाई — ज्यांना ऐकू कमी येतं त्या — फुलावर वाकल्या वाकल्या त्याच वेळी हसायच्या.

साडेनवाला बांधावर एक जण उभा राहिला. पहाटे निघून, खामगाव मागं टाकून, घाट चढून मोटरसायकलवर आलेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, धुळीनं तांबूस झालेला.

भिमाबाईंना वाटलं, बियाण्याच्या कंपनीचा माणूस प्लॉट तपासायला आला. त्या धावल्या. "बघा साहेब, एकबी कळी सुटलेली नाही! कंपनीला सांगा तसं."

"मी कंपनीचा साहेब नाही मावशी."

"मग उभा काय राहिलास बापा? धर टोपली! दोघींनी किती ओळी करायच्या?"

आणि नर-फुलांची टोपली त्याच्या हातात आली. ओळीच्या त्या टोकाला अश्विनी उभी होती. तिनं बुटाचा आवाज ऐकला. खरा आवाज, ओल्या काळ्या मातीत रुतणारा. तिनं मागं वळून बघितलं नाही. तशीच म्हणाली,

"आलात?"

"हाव."

दोघं कामाला लागले. त्यानं एकच फूल घेतलं आणि सरळ दहा-बारा टोप्या काढून सगळ्यांवर फिरवत सुटला.

"अहो, काय करता! एका फुलात चार-पाचच होतात. पुढच्या सगळ्या वांझ राहतील."

"आमच्याकडं एक पाकीट फाडलं का झालं..."

"द्या इकडं." तिनं त्याची बोटं धरून फूल कसं टेकवायचं ते दाखवलं. न दाबता, गोल. तिच्या बोटांचा पिवळा पराग त्याच्या बोटांना लागला. दोघांनी हात जरा... जरा जास्तच वेळ तिथं ठेवला. मग तिनं काढून घेतला.

"मी नाही म्हणणार आहे," ती फुलाकडं बघत म्हणाली. "तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. तुमच्यात काही कमी नाही. पण एकाची वाट बघताना मी अर्धी झाले. दुसरा फौजी... मला नाही झेपायचं."

गोविंदानं टोपली खाली ठेवली. सुटका पुढ्यात आली होती. पण त्यासाठी खरं सांगावं लागणार होतं, आणि त्याचीच त्याला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

"मी फौजी नाही."

वारा पडला होता. भोंग्यातून बुवा तान घेत होते.

"काय?"

"कधीच नव्हतो. तीनदा गेलो भरतीले. चार सेकंदानं राह्यलो... मंग कान, मंग वय. मी कपाशी करतो. बाबा नाही, मीच पेरतो."

तिला वाटलं आनंद होईल. व्हायला हवा होता ना? पण डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं.

"मग ते दोन दिवस?" ती म्हणाली. "मी जेवले नाही. दादाचा फोन आल्यावरही जेवले नाही. कुणाला सांगता येईना, कुणासाठी ते. ज्याच्यासाठी जीव टांगायला लागू नये असा माणूस मला पाहिजे होता... आणि तुम्ही माझा जीव टांगला. तोही उगाच!"

"मले वाटलं, तुमाले वर्दीच—"

"मी वर्दी विचारली होती? ‘उभे राहिलात का’ एवढं विचारलं होतं!"

त्यानं सबब शोधली नाही, हे त्याच्या बाजूनं सांगते.

"ते दोन दिवस मले वापस देता येत नाहीत," तो म्हणाला. "अकरा वाजेस्तोर काम करू द्या. मंग जातो."

पण काम उरलं होतं कुठं? दोघं मान वर करून बघतात तर काय, त्यांच्या दोन्ही ओळींतल्या टोप्या निघालेल्या, देठांना दोरे बांधलेले. भिमाबाई पार पलीकडच्या टोकाला, कंबरेवर हात ठेवून पाठ सरळ करत होत्या.

"झालं का तुमचं?" त्या ओरडल्या. "मला काही ऐकू आलं नाही हो. पण पोरा, आलाच आहेस तर भाकरी खाऊन जा. खोटं बोलणाऱ्यालाही भूक लागतेच."

त्यानं भाकरी खाल्ली, मान खाली घालून. निघताना एका लाल टोपीवर आपला नंबर लिहून बांधावरच्या दगडाखाली ठेवला. अश्विनीनं दुरून सांगितलं,

"वाट बघू नका."

"बघीन," तो म्हणाला. "मले बी कळू द्या कशी असते ते."

त्यानंतर तिनं तो खेळ उघडला नाही. दुपारी पुन्हा मोकळ्या झाल्या, आणि आधीपेक्षा लांब. एक दिवस, तीन दिवस, सहा... कपाशीचं फूल उमलतं त्या दिवशी फिकट असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन गळायला लागतं. ती बघायची. राग तसाच राहील असं तिला वाटलं होतं. पण रागाच्या खाली एक वेगळीच गोष्ट हाताला लागत होती. तो आत्ता सोनाळ्यात आहे, जिवंत आहे, आणि हे जाणून घ्यायला कुणाच्या फोनची, कसल्या बातमीची गरज नाही.

नवव्या दुपारी तिनं फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"आज काय केलं?" तिनं विचारलं. नाव नाही, गाव नाही.

"आज? ...काही नाही."

"काही नाही म्हणजे काय? सगळं सांगा. खरं."

"सकाळी गोठा झाडला. मंग चार तास निंदलं. बैलाच्या खुरात काटा गेला होता, तो काढला. अळी हाय का म्हून चाळीस बोंडं फोडून पाह्यली, दोनात निघाली. आईनं बरबटीच्या शेंगांची भाजी केली होती, खारट झाली, पन बाबा काही बोलले नाही म्हून मी बी नाही बोललो. आता धुऱ्यावर बसून राह्यलो."

"आणखी?"

"आनखी... पायाले मुंग्या चावून राह्यल्या."

"मग उठा ना!"

"नाही उठत. उठलो का इथं रेंज जाते. नऊ दिवस झाले, दुपारी इथंच बसतो."

अश्विनी हसली. हसता हसता तिच्या ध्यानात आलं, की एवढं सगळं ऐकताना काळजात कुठं धस्स झालं नाही. बैल, काटा, खारट भाजी, मुंग्या... किती साधा दिवस. असा दिवस कुणी आपल्या ओंजळीत रोज आणून घातला, तर आणखी काय पाहिजे?

"गोविंदा," ती पहिल्यांदाच नावानं म्हणाली, "उद्याचाही दिवस सांगाल?"

पलीकडून पायावरच्या मुंग्या झटकल्याचा आवाज आला.

"उद्याचा सांगीन. परवाचा बी. तुमी कटाळसान तवाच थांबीन."

"मी कटाळत नाही," ती त्याचाच शब्द उचलून म्हणाली. "मी घाटावरची आहे."

गोष्ट एवढीच. इंद्रभान माघात सुटीवर आला, घाट उतरून सोनाळ्याला जाऊन आला आणि घरी येऊन म्हणाला, "पोरगा बराय, धावतो मात्र हळू." पुढचं तुम्ही ओळखलंच आहे.

आता उठाल, तर एक मागणं. इथून घरोघरी काल्याचा प्रसाद नेता, द्रोण भरभरून नेता. त्या गुरुवारीही नेला. प्लॉटवर मात्र कुणाला आठवण झाली नाही. दोघं जण एकमेकांचं सुख-दुःख बोलत होती, तेवढ्यात जिनं तिघांचं काम उरकलं, ती बाई तीस वर्षं कुठल्या काल्याला गेलेली नाही. फुलं थांबत नाहीत म्हणून. बुवांचं कीर्तन तिला लांबून, वाऱ्यावर, तुटक तुटकच मिळालं. तर उद्या काल्याच्या प्रसादाचा पहिला घास हातात घ्याल, तेव्हा क्षणभर थांबा... आणि आमच्या भिमाबाईंची आठवण ठेवा.